मालोजीचा बाप

चैत्र लागला तशी कळंबच्या चावडीवरची दवंडी गावात आली. येत्या गुरुवारी सर्कलसाहेब येणार, एकेकाच्या जमिनीची हक्कनोंद लिहिणार. ज्याच्या ताब्यात जमीन असेल त्यानं आपली पिढी सांगायची. बाप कोण, आजा कोण, पणजा कोण, थेट रान मोडून शेत कुणी केलं तिथपर्यंत. कुणाची हरकत असेल त्यानं तिथंच उभं राहून बोलायचं, मागाहून ओरडायचं नाही.

सगळं गाव डोकं खाजवायला लागलं. आजाच्या पलीकडं कुणाची मजल जात नव्हती. शेजारच्या धाऊला तर आजाचंही नाव येईना, कारण घरात त्याला सगळे नुसते 'म्हातारा' म्हणत आणि म्हाताऱ्याला नाव असेल हे कुणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. धाऊ दोन दिवस गावभर विचारत फिरला, आमच्या म्हाताऱ्याचं नाव काय हो?

हिरामणला हे बघून हसू आवरत नव्हतं. चाळिशीचा, लांब ढांगांचा, बोलायला लागला की समोरच्यानं बैल सोडून घरी जावं असा हा गडी. त्याला आपली पिढी तोंडपाठ होती. घरात देवांची फळी होती, फळीवर रुप्याचे टाक होते. एक भैरीदेवाचा, एक देवीचा आणि खाली ओळीनं तीन टाक पितरांचे. पहिला बाप सहदेव, दुसरा आजा मालोजी, तिसरा जैतबा. जैतबाचा टाक इतका झिजलेला की नाकडोळे राहिलेच नव्हते. सर्वपित्रीला बाकीच्यांची पानं घरात वाढत, भातावर तूप सोडून. जैतबाचं पान मात्र वरच्या शेताच्या बांधावर, डोंगराकडं तोंड करून ठेवत. त्याला नाचणीची भाकरी, सुकट आणि पळसाच्या द्रोणात मोहाची दारू. पणजा रानगडी असेल, त्याला तेच गोड लागत असेल, असं हिरामण लहानपणापासून धरून चालला होता.

आणि वरचं शेत म्हणजे तरी काय! ओढ्याच्या कुशीतली चार खाचरं. गावची भातं पाण्यावाचून माना टाकत तेव्हा ही पोटरीत डुलायची. सगळं घर त्या चार खाचरांवर जगत होतं. बाकीचं होतं ते वरकस, नाचणी-वरी देणारं, तेही देईल तेव्हा.

तेव्हा हिरामण गुरुवारची वाट कशाला बघतो? दवंडीच्या दुसऱ्याच दिवशी तो आपण होऊन कळंबला गेला, तलाठ्यापुढं बसला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. हिरामण वल्लद सहदेव, सहदेव वल्लद मालोजी, मालोजी वल्लद जैतू. तलाठ्यानं कागदावर उतरवून घेतलं आणि म्हणाला, "शाबास रे, असं एक जरी दुसरं निघालं तरी माझं काम हलकं होईल." हिरामण घरी आला तो छाती पुढं काढूनच.

धोंडूबाई, त्याची आई, ओटीवर सुपानं नागली पाखडत बसली होती. बायको जिजा चुलीशी होती. तिला पाचवा महिना होता. याआधी दोन वेळा पोट राहिलं होतं आणि दोन्ही वेळा सहाव्यात रिकामं झालं होतं, म्हणून घरात सगळे तिच्याशी जपून, खालच्या आवाजात बोलत.

"आये, नावं लिवून आलो," हिरामण म्हणाला.

"कंची नावं?"

"आपल्या पिढीची गं. मी, बाबा, आजा, जैतबा. तलाठी खूस झाला."

सूप थांबलं. धोंडूबाईनं मान वर केली. "जैतबाचं नाव लिवलंस?"

"मंग? पणजाचं नाव नको लिवायला?"

"कुनी सांगितलं तुला तो पणजा हाय?"

"आपल्या देवात हाय ना!"

धोंडूबाई सूप तसंच टाकून उठली, मागच्या दारी गेली आणि तिन्हीसांज होईपर्यंत आत आली नाही. जिजानं दोनदा हाक मारली. तिनं ओ दिली नाही. हिरामणला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वरच्या शेतात राबाच्या कामावर होता. भाताचं रोप टाकायचं तर आधी जमीन भाजावी लागते. खाली शेण पसरायचं, त्यावर ऐनाचे टहाळ, त्यावर पातेरा, वर मातीचा थर, मग आग द्यायची. टहाळ तोडायला ठाकरवाडीचा कमळ्या दरवर्षी यायचा. त्याचा बापही यायचा, आजाही यायचा. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून तो माकडासारखा ऐनावर चढे आणि वरून फांद्या टाकत गाणं म्हणे. त्याची बायको चिंधी खाली भारे बांधी.

धोंडूबाई काठी टेकत शेतावर आली. एवढ्या लांब ती दोन वर्षांत आली नव्हती. तिनं आधी ऐनाकडं बघितलं. कमळ्या शंभर पावलांवर शेंड्याशी होता, चिंधी भारा घेऊन ओढ्याकडं निघाली होती. मग ती बांधावर बसली आणि हिरामणला जवळ बोलावलं.

"बस. आनि हू का चू करू नको. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगते. जैतू आपला कोनी नव्हं. जैतू ठाकर व्हता."

हिरामणनं हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"ही खाचरं त्यानं मोडली. दगड त्यानं काढलं, बांध त्यानं घातलं. तुझा आजा कुठनंसा आला, अंगावर लंगोटी. जैतूनं त्याला ठिवून घेतला. दोघं करायची, दोघं खायची. मंग एक वरीस राब भाजायच्या दिसात जैतू तापानं पडला व्हता. हितंच, खोपटात. तुझ्या आजानं राबाला चूड लावली." म्हातारीनं काठी मातीत रोवली. "वारा फिरला म्हनं. खोपटानं पेट घेतला."

"म्हनं?"

"मरंस्तोवर तो एवढंच बोलायचा. वारा फिरला, वारा फिरला. कुनी इचारलं नाय तरी बोलायचा."

राब कसा पेटवतात हे हिरामणला सांगायला नको होतं. वारा ज्या अंगाला जातो त्या अंगानं चूड लावायची, म्हणजे विस्तव वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकतो आणि जमीन नीट भाजते. उलट्या अंगानं लावली तर आग पळत सुटते. हे शेंबड्या पोराला कळतं. त्याच्या आजाला कळत नव्हतं?

"आजाची पयली दोन पोरं गेली," धोंडूबाई सांगत होती. "भगत म्हनला, तो तुज्यावर रुसलाय. त्याला बाप म्हन, टाक कर, देवात बसव, जेवू घाल. तवा कुठं तुझा बाप जगला. तवापास्नं तो आपल्या घरात हाय."

"मंग कमळ्या..."

"कमळ्याच्या आजाचा बाप."

तेवढ्यात कोयत्याचा आवाज थांबला. गाणंही थांबलं. दोघांनी एकदम ऐनाकडं बघितलं. कमळ्या फांदीवर बसून त्यांच्याकडं बघत होता. मग त्यानं कपाळावरचा घाम पुसला, कोयता दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा तोडायला लागला. पण हिरामणच्या पाठीत जी थंडी भरली ती त्या उन्हातही जाईना.

त्या दिवसापासून हिरामणचं बोलणं तुटलं. लोक थट्टा करत, हिरामणला काय दातखीळ बसली का? तो कसनुसं हसे. डोक्यात एकच चक्र. गुरुवारी चावडीवर नाव वाचणार. जैतू. कुणब्याच्या घरात कधी कुणी जैतू ऐकलाय? साहेब विचारील, हे नाव ठाकराचं, तुमच्यात कसं? ठाकर सगळे तिथं असणार. हरकत कुणाची म्हटलं की कमळ्या उठणार. रान मोडलं आमच्यानं, शेत आमचं. आणि आमच्या म्हाताऱ्याला जाळलं कुणी? चार खाचरं गेली तर जिजाला घेऊन, पोटातल्या जिवाला घेऊन जायचं कुठं?

तो धावत कळंबला गेला. "भाऊसाहेब, त्यातलं शेवटचं नाव खोडा."

तलाठी चष्म्यावरून बघत म्हणाला, "का रे? परवा तर मोठा ऐटीत सांगून गेलास."

"चुकलं."

"चुकलं तर गुरुवारी साहेबापुढं सांग. कागद त्यांच्या फायलीत लागला. मला खोडायचा अधिकार नाही. आणि कारण तयार ठेव, साहेब कारण विचारतो."

घरी आला तर धोंडूबाई उंबऱ्यातच बसलेली. तिला काही सांगावं लागलं नाही. "खोडायला गेला व्हतास," ती म्हणाली.

"नाय तर शेत जाईल, आये."

"आनि खोडलंस तर?" तिनं आवाज उतरवला आणि आतल्या अंगाला हात केला. आत जिजा भाकरी थापत होती. "बाप म्हटलंय त्याला. तीन पिढ्या जेवू घातलंय. चारचौघांत तू म्हननार, हा माझा कोनी नव्हं? त्याला काय वाटंल? आजाची पयली दोन पोरं कशी गेली ती इसरलास?"

"तू सांग मंग काय करू!"

धोंडूबाईला तरी कुठं ठाऊक होतं? ती रडायला लागली. जिजा पिठाच्या हातांनी बाहेर आली, "काय झालं, अवं?" म्हणून विचारू लागली. तिला दोघांनी काही नाही, काही नाही म्हणून परत आत पाठवली. त्यानं ती अधिकच घाबरली. रात्रीचं जेवण कुणाला गेलं नाही.

बुधवारी सकाळी राब भाजायचा होता. हिरामणला कमळ्याच्या तोंडाकडं बघवेना. कमळ्या मात्र नेहमीसारखाच. त्यानं मूठभर धूळ उडवून वारा कुठला ते पाहिलं, मातीचा थर पायानं दाबला, तंबाखूची चिमूट हिरामणपुढं धरली. हिरामणनं घेतली. तोंडात टाकेपर्यंत निम्मी खाली सांडली.

"ताप हाय का रं तुला?" कमळ्यानं विचारलं. ठाकर कुणालाही तूच म्हणतात, साहेबालाही.

"नाय. झोप नाय झाली."

"दे ती चूड हिकडं."

कमळ्यानं त्याच्या हातातली पेटती चूड घेतली आणि वाऱ्याच्या खालच्या अंगानं, ओणवं होऊन, वीत वीत सरकत राब पेटवत गेला. धूर जमिनीसरसा पसरला. हिरामण खोकत लांब उभा राहिला. इथं खोपट कुठं असेल? या कोपऱ्यात की त्या? या जमिनीत त्यानं आजवर पन्नासदा पाय रोवून चिखल केला होता, आणि आज तिच्यावर उभं राहवत नव्हतं.

"उद्या येनार कळंबला?" त्यानं शेवटी विचारलंच.

"येनार तर. सगळी वाडी येनार हाय. सर्कल कसा असतो बघायला." मग कमळ्या जरा थांबून म्हणाला, "माझं कामबी हाय तितं."

"कसलं काम?"

"हाय," कमळ्या म्हणाला आणि पुढं सरकला.

अर्धा राब झाला तेव्हा वारा वाढला. कमळ्यानं हात झाडले. "ऱ्हायलेला परवा. आज नको. वाऱ्याचा भरवसा नाय." तो साधंच बोलला. हिरामणला ते कानाखाली मारल्यासारखं लागलं.

गुरुवारी चावडीपुढं माणूस मावेना. सर्कलसाहेब घाटावरचा, जाडसर, पागोटं मांडीवर काढून ठेवून वारा घेत बसलेला. तलाठी एकेक कागद वाचत होता. कुणबी पुढं, आंब्याच्या सावलीत बसलेले. ठाकर मागं, उन्हात, उकिडवे. हिरामणनं मागं वळून पाहिलं नाही. तरी कमळ्या कुठं बसलाय ते त्याच्या पाठीला कळत होतं.

धाऊचं नाव निघालं. आजाचं नाव काय? धाऊनं हात जोडले, "साहेब, म्हातारा." सगळी चावडी हसली. साहेबही हसला. "लिहा, नाव माहीत नाही," म्हणाला. धाऊचं शेत धाऊच्या नावानं लागलं, झालं. एवढं सोपं होतं. हिरामण गप्प बसून राहिला असता तर त्यालाही 'नाव माहीत नाही' लिहून मिळालं असतं! त्याला आपलं तोंड झोडून घ्यावंसं वाटलं.

"हिरामण वल्लद सहदेव," तलाठी वाचू लागला. "सहदेव वल्लद मालोजी. मालोजी वल्लद जैतू. रान मोडून शेत करणार, सदर जैतू."

साहेबाचा हात वारा घेता घेता थांबला. "जैतू? हे ठाकरातलं नाव ना? तुम्ही कुणबी ना रे?"

 मागं काहीतरी सळसळलं. हिरामणनं आता मात्र वळून पाहिलं. कमळ्या उठून उभा राहत होता. डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं होतं आणि बोलायला तोंड उघडलं होतं.

हिरामणला पुढचं काही सुचलं नाही. तो ताडकन उठला. "साहेब, चुकी झाली! जैतू आमचा कोनी नव्हं. जैतूचा नि आमचा संबंद नाय. मालोजीच्या बापाचं नाव सखा. सखा! रान सखानंच मोडलं." सखा कोण, कुठला? तोंडाला आलं ते नाव त्यानं फेकलं.

"नक्की?"

"भैरीदेवाची आन, साहेब. जैतू आमचा कोनी नाय."

साहेबानं खूण केली. तलाठ्यानं लेखणी बुडवली, एक रेघ मारली, वर सखा लिहिलं. "कुणाची हरकत?"

 कमळ्या अजून उभाच होता. त्यानं हिरामणकडं बघितलं, बराच वेळ. मग फडकं पुन्हा डोक्याला बांधलं.

"ए ठाकरा, तुझं काय?" तलाठी ओरडला.

"काय नाय," कमळ्या म्हणाला. "बोलायचं व्हतं. आता नाय."

तो खाली बसलाही नाही. तसाच माणसांतून वाट काढत निघून गेला. पुढचं नाव निघालं. हिरामण मटकन खाली बसला. वाचलो, वाचलो. शेत वाचलं. घरी जाताना तो ओढ्यात उतरून पोटभर पाणी प्यायला आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा त्याला भूक लागली. धोंडूबाईला त्यानं सांगितलं तेव्हा ती फक्त "बोललास?" एवढंच म्हणाली आणि देवांच्या फळीकडं पाठ करून बसली.

शुक्रवारी सकाळी उन्हं अंगणात येता येता कमळ्या आला. मागं चिंधी होती. आकडीला कोयता नव्हता. हिरामण राबावर जायला निघाला होता.

"ये कमळ्या. चल, अर्धा राब ऱ्हायलाय."

कमळ्या अंगणातच थांबला. "आमचा म्हातारा न्यायला आलो."

"कोन म्हातारा?"

"जैतू. तुज्या देवात हाय तो. काल सरकारपुढं म्हनलास, तो तुझा कोनी नाय. मंग तुज्या घरात कशाला? दे. आमी नेतो आमच्या वाडीत."

 म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून.

"तू काल उठला व्हतास तो..." तो चाचरत म्हणाला. "हरकत घेयाला ना? शेत मागायला?"

कमळ्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू हा माणूस कोण हे त्याला नव्यानं ओळखायचं होतं. "शेत? शेत मागायचं असतं तर आमच्या आज्यानंच मागितलं नसतं? तुला कुनी सांगितलं नाय?" त्यानं ओटीवरच्या धोंडूबाईकडं पाहिलं. "म्हातारे, तुलाबी नाय ठावं?"

धोंडूबाईनं मान हलवली.

"तुझा आजा वाडीत आलता," कमळ्या हिरामणला सांगू लागला. "सगळ्या वाडीपुढं माझ्या आज्याच्या पायावर पडला. म्हनला, मी जाळलं का वाऱ्यानं जाळलं, माझं मलाच कळत नाय. पन आजपास्नं जैतू माझा बाप. त्याला देवात बसवतो. पिढी चालंल तवर जेवू घालतो. मंग आमची म्हातारी मानसं बसली. म्हनली, बाप तर बाप. बापाचं शेत लेकाला जातंय. खा. म्हून खाता तुमी. म्हून आमी येतो तुज्या राबाला. मजुरी काय आमाला दुसरीकडं मिळत नाय? भावाचा राब म्हून येतो."

कमळ्यानं कळंबच्या दिशेला हात केला.

"काल साहेबाला तेच सांगनार व्हतो मी. नाव ठाकराचं हाय पन पणजा दोघांचा एकच. ह्यांचं शेत खरं हाय, लिवून घे. त्यासाठी वाडी घेऊन आलतो साक्षीला. तर तूच उठलास."

 मग धोंडूबाई उठली. तिनं फळीवरून तो झिजलेला टाक काढला, पदरानं पुसला, पळसाच्या पानात ठेवला आणि उंबऱ्याच्या बाहेर येऊन चिंधीच्या ओंजळीत दिला. देताना तिनं वाकून त्या पानाला डोकं लावलं. तिनं हिरामणला विचारलं नाही.

"कमळ्या," हिरामण म्हणाला.  "मी आत्ता जातो कळंबला. साहेब असंल अजून. सांगतो, परत लिवा म्हून. जैतूच माझा पणजा, सांगतो."

"लिवून काय व्हनार?" कमळ्या वळला होता. "तू तुज्या तोंडानं बोललास. देवाची आन घेऊन. सगळ्यांनी ऐकलं." दोन पावलं गेल्यावर तो थांबला आणि चिंधीच्या ओंजळीकडं मान करून म्हणाला, "त्यानंबी ऐकलं."

ते दोघं बांधाबांधानं डोंगराकडं निघाले. चिंधी पुढं, ओंजळ छातीशी धरून. कमळ्या मागं.

जिजा दारात आली होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर. "अवं, कोन ऐकलं?" तिनं विचारलं. "काय ऐकलं? बोला की."

 चार खाचरं आता सरकारच्या कागदावर हिरामणचीच होती, कुणी हरकत घेणार नव्हतं. अर्धा राब भाजायचा राहिला होता आणि वारा आज पडलेला होता. उन्हं वर चढेपर्यंत तो अंगणातच उभा राहिला. आपल्या शेतात एकट्यानं पाऊल टाकायची त्याची छाती होईना.